खेळणाऱ्या मुलांचे फोटो: क्रॉप नेमका कुठे करायचा?

चिरेबंदी

नमस्कार मंडळी. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे गोव्यात गावच्या घरी जमणार, त्याआधी सोप्यावरच्या भिंतीसाठी एक फोटो मोठा प्रिंट करून घ्यायचाय. त्यावरून घरात दोन तट पडलेत म्हणून हा धागा काढतोय.

फोटो असा आहे. जुलैतली संध्याकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, देवळामागच्या मोकळ्या जागेत वाड्यावरची पोरं लगोरी खेळतायत. मध्याच्या जरा डावीकडे माझी पुतणी उकिडवी बसून शेवटची ठिकरी ठेवतेय, जिभेचं टोक दातात धरलेलं. उजव्या टोकाला एक मुलगा चेंडू उगारून उभा, हात पूर्ण मागे गेलेला. दोघांच्या मधे नुसता ओल्या लाल मातीचा पट्टा. मागे दोघं पळतायत, त्यातल्या एकाचं तोंड उघडं. अगदी डाव्या कडेला खेळात न घेतलेलं एक लहानगं चड्डीला हात पुसत बघतंय. वरच्या कडेला निळी ताडपत्री आणि खाली उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी स्कूटरचं अर्धं चाक.

भाऊ म्हणतो पोरीचा चेहरा एवढा छान आलाय तर तेवढाच घे, बाकी सगळी अडगळ. मला ते पटत नाही. तिचा चेहरा तसा का झालाय त्याचं कारण तो चेंडूवाला पोरगा आहे. त्याला कापला की उरते नुसती जमिनीकडे बघणारी एक मुलगी. खेळाच्या फोटोत खेळ दिसला पाहिजे, आणि मुलाचं चित्त जिथे गुंतलंय ती गोष्ट क्रॉपमध्ये जाता कामा नये, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही लोक कसं करता? काढतानाच जवळ जाता की मोकळा काढून मागाहून कापता? २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे.

खाजन

पूर्ण सहमत. कापू नकोस रे त्या पोराला.

शुभा_म्हापसा

मी तुमच्या भावाच्या बाजूने. आजकाल फोटो कुठे बघतात लोक? फोनवर. तळहाताएवढ्या स्क्रीनवर सहा पोरं आणि मधे माती, कोण कुठे काही कळत नाही. दातात धरलेली जीभ हाच तुमचा फोटो आहे हो, एवढं एकाग्र झालेलं मूल मागून मिळत नाही. मी माझ्या लेकीचे फोटो काढते ते सगळे जवळून, चेहरा आणि हात. हात मात्र पाहिजेच. नुसता चेहरा घेतला तर ती गणित करतेय की गड्डे (गोट्या) खेळतेय ते कसं कळणार.

चिरेबंदी

@शुभा, पण हा फोनवर नाही बघायचा, भिंतीवर लागणार आहे. चार पावलांवरून माणसं बघतील, चहा पीत बघतील, पुन्हा पुन्हा बघतील. तिथे बघायला काहीतरी उरलं पाहिजे ना. हाताचं मात्र एकदम पटलं.

डिचोलीकर

आधी हिशोब करू, मग भांडू. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. बारा बाय आठ इंचाचा चांगला प्रिंट हवा तर इंचाला ३०० पिक्सेल धरून ३६०० बाय २४०० लागतात. म्हणजे रुंदीतला साठ टक्के भाग ठेवून बाकी कापलात तरी काही बिघडत नाही, आणि भिंतीवर लांबून बघायचा असेल तर इंचाला २०० सुद्धा चालतात. पण भाऊ म्हणतो तसा नुसता चेहरा घेतला तर तुमच्या वर्णनावरून पोरगी फ्रेममध्ये लहानच असणार, फार तर १४०० पिक्सेल हाताला लागतील. ते बारा इंचांवर ताणले की इंचाला ११७ पडतात. जवळ गेल्यावर मऊ दिसणार, आणि संध्याकाळी काढलाय म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चढलेला असणार, त्याने येणारे दाणेही मोठे होऊन वर येणार. चेहराच हवा होता तर काढतानाच जवळ जायला हवं होतं, आता तो रस्ता बंद आहे असं भावाला सांगा.

वाळपईचा_पाऊस

वरचा हिशोब फोनवाल्यांनी नीट वाचा. फोनमध्ये चिमटीने झूम करतो तेव्हा बहुतेक वेळा तो क्रॉपच असतो, फक्त आधीच केलेला, आणि मागाहून परत मिळत नाही. त्यापेक्षा मोकळा काढा आणि घरी बसून कापा.

आता काढण्याबद्दल. पोरं पळत असतील तर शटर १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका, उड्या असतील तर १/१०००. सांजांवच्या सणाला २४ जूनला विहिरीत उड्या मारतात त्या मी १/१००० नेच काढतो, नाहीतर पाय नुसते फराटे येतात. पण एक गंमत लक्षात ठेवा, झोपाळा किंवा उडी, सगळ्यात वर पोचते तिथे क्षणभर वेग जवळपास थांबतो. तो क्षण धरता आला तर १/१२५ वर पण चेहरा स्वच्छ येतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की मी धावणारी पोरं सोडतो आणि झोपाळ्याकडे जातो.

आणि पाऊस दाखवायचा असेल तर मागे काळोखं काहीतरी हवं, झाडी, उघडं दार, शेवाळलेली भिंत. आभाळ मागे ठेवलंत तर पाऊस दिसतच नाही, पोरं उगाच भिजलेली वाटतात.

रायबंदरकर

लाल मातीबद्दल कुणी बोललं नाही अजून. आपल्याकडे पावसात सगळी जमीन लाल. फ्रेममध्ये लाल जास्त झालं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे, मग तो ऑटोमध्ये सगळ्यावर निळसर झाक चढवतो आणि पोरांचे चेहरे आजाऱ्यासारखे फिकट दिसतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सेटिंग) ऑटोवरून काढा आणि ढगाळवर ठेवा, किंवा रॉ मध्ये काढा, म्हणजे रंग मागाहून बदलता येतात. चिरेबंदी, तुमच्या पट्ट्याचा रंग तसा वाटला तर प्रिंटला टाकण्याआधी ठीक करून घ्या. क्रॉप करतानाही एकदा बघा, कारण कापल्यावर लाल कमी-जास्त होतं आणि तोच चेहरा डोळ्याला वेगळा दिसायला लागतो.

अबोली

वाचनखूण साठवली. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, एक जागी बसतच नाही, मला फक्त पाठमोरे फोटो मिळतात :(

पेडणेकरीण

@अबोली, पाठमोरे वाईट नसतात गं. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मला उलट तेच जास्त आवडायला लागलेत.

सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मधल्या सुट्टीत पोरी अंगणात खडूने चौकोन आखून लंगडी घालतात. सुरुवातीला मी समोरून काढायची, की लगेच सगळ्या थांबून बोटं दाखवत रांगेत उभ्या. मग मी पायरीवर बसायला लागले, तिथून फक्त पाय दिसतात. एका पोरीच्या चपलेचा पट्टा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावलेली, आणि ती बरोब्बर रेषेच्या आत एका पायावर तोल सांभाळतेय, अंगठा जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला, दुसऱ्या पायाची चप्पल हातात. वरती गुडघ्याच्याही वर काही नाही. तो फोटो पाहिला की खेळ ऐकू येतो. चेहरा नसल्यामुळे ती कोण हे बाहेरच्या कुणालाही कळत नाही, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांना मात्र पिनेवरून लगेच कळतं.

त्यात क्रॉपचा नियम एकच पाळते. सांध्यावर कापत नाही. घोटा, गुडघा, मनगट, कोपर इथे कड आली की हात-पाय तुटल्यासारखे वाटतात. मांडीच्या मधे किंवा पोटरीच्या मधे कापा, काही खटकत नाही. आणि बोटं कधीच कापू नका, खेळात सगळी गंमत बोटांत असते.

नदीकाठचा

सगळे कापाकापीबद्दलच बोलतायत. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ क्रॉपच्या विरोधात होता, निगेटिव्ह आहे तशी पूर्ण छापायचा आग्रह धरायचा. जे काय ठरवायचं ते डोळ्याला कॅमेरा लावलेला असतानाच. मला तेच योग्य वाटतं. मागून कापता येतं हे माहीत असलं की माणूस आळशी होतो, जिथे उभा आहे तिथूनच क्लिक क्लिक. तेच कापता येणार नाही असं ठरवलं की पाय हलतात.

डिचोलीकर

@नदीकाठचा, त्याचाच सगळ्यात गाजलेला फोटो, १९३२ चा, पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, तो क्रॉप केलेला आहे. फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढलेला, फळीचा भाग कडेला आला होता, तो कापला. आणि १९६० चा कोर्दाने काढलेला चे गव्हेराचा फोटो घ्या, टी-शर्टांवर असतो तो. मूळ फ्रेममध्ये एका बाजूला दुसरा माणूस आणि एका बाजूला ताडासारखं झाड आहे. दोन्ही कापले म्हणून तो चेहरा जगभर गेला.

नदीकाठचा

पहिलं मान्य, पण तो अपवाद म्हणूनच सगळ्यांना माहीत आहे. आणि चे चं उदाहरण इथे लागू होत नाही, तो खेळत नव्हता. चिरेबंदींचा मुद्दाच तो आहे की पोर्ट्रेट वेगळं आणि खेळ वेगळा. पोर्ट्रेटमध्ये माणूस एकटा पुरतो. लगोरी एकट्याने खेळता येते का?

शुभा_म्हापसा

हे मात्र बरोबर बोललात.

सोपो

उशिरा आले धाग्यावर. रोल घालून फोटो काढायचे दिवस पाहिलेत मी, छत्तीस फोटो मिळायचे, ते चतुर्थी ते शिगमो (शिमगा) पुरवायचे. तेव्हा मुलांचे खेळताना फोटो काढणं म्हणजे उधळपट्टी, नवे कपडे घालून ओळीत उभं करायचं. त्यामुळे आमच्या पिढीचे खेळतानाचे फोटो कुणाकडेच नाहीत. आम्ही नदीत पोहलो, आवाठात लपाछपी खेळलो, काजूच्या बिया जिंकल्या, त्यातलं एकही कागदावर नाही. चिरेबंदी, तुम्ही त्या लहानग्याला कापू नका एवढीच माझी विनंती. दरेक खेळात एक न घेतलेलं पोर असतंच, आणि वीस वर्षांनी तेच येऊन विचारेल की मी कुठाय.

चिरेबंदी

@सोपो ताई, हे वाचून त्या पोराकडे पुन्हा बघितलं. नाही कापत.

आगरवाडा

मुद्दा जरा वेगळा, कुठे उभं राहायचं हा. खेळ माहीत असला की जागा आपोआप कळते. लगोरीत चेंडू मारून ठिकऱ्या पाडल्या की सगळं काही त्या ढिगाऱ्याकडे परत येतं, लावणारे तिथेच वाकणार आणि मारणारेही तिकडेच नेम धरणार. मग ढिगाऱ्याच्या पलीकडे, जमिनीलगत बसून राहा. पुढे ठिकऱ्या मोठ्या दिसतात, मागून पोरं तुमच्याकडे धावत येतात, चेहरे आयते समोर. खो-खोत खांबाजवळ, कारण वळताना वेग कमी होतो आणि अंग तिरकं होतं. गड्ड्यांना तर पोटावर आडवंच व्हायला पाहिजे, वरून काढलं तर फक्त डोकी आणि भांग येतात.

विटीदांडूला मात्र मारणाऱ्याच्या मागे आणि थोडं बाजूला. समोर उभे राहाल तर फोटोही जाईल आणि दातही.

खाजन

हाहा, आमच्या एका काकांची लेन्स गेली होती तशी. दात वाचले.

वाळपईचा_पाऊस

+१ आगरवाडा. खाली बसण्याचा अजून एक फायदा मिरामारला गेलात तर दिसेल. उभ्याने काढलं तर समुद्राची रेषा नेमकी पोरांच्या मानेतून जाते. जरा खाली बसलात की डोकी रेषेच्या वर, आभाळात मोकळी. आपले किनारे पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य पोरांच्या मागे, त्यामुळे काळ्या आकृत्याच येतात, आणि मग एकच गोष्ट बघायची की दोन पोरांच्या मधे फट आहे का. फट नसली की दोघांचं मिळून चार पायांचं एक काहीतरी तयार होतं. फट क्रॉपने आणता येत नाही, ती काढतानाच मिळाली पाहिजे.

अबोली

पण ती कॅमेरा बघितल्यावर थांबतात त्याचं काय करायचं? माझा लगेच "चीज" म्हणतो, कुणी शिकवलं देव जाणे.

आगरवाडा

आमच्या वाड्यावर कॅमेरा काढला रे काढला की "मामा, म्हजो काड, म्हजो काड!" करत सगळी भुरगीं (पोरं) अंगावर. मी आधी सगळ्यांचा तसाच एक काढतो, जिभा बाहेर, बोटं वर, हवं ते. मागे वळवून दाखवतो. तो दाखवण्याचा भाग टाळू नका. मग त्यांची हौस फिटते आणि ती आपल्या खेळाकडे जातात, मी तिथेच चिऱ्यावर बसून राहतो, कॅमेरा मांडीवर. थोड्या वेळाने मी तिथे आहे हे त्यांच्या खिजगणतीतही नसतं. तेव्हा काढायला सुरू करायचं. "इकडे बघ" म्हणायचं नाही, एकदा जरी म्हटलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

नदीकाठचा

हेलन लेव्हिट म्हणून न्यूयॉर्कची बाई होती, रस्त्यावर खेळणारी पोरं, भिंतीवर खडूने काढलेली चित्रं, असे फोटो काढायची, साधारण १९४० च्या आसपास. ती आपल्या लायका कॅमेऱ्याला काटकोनी व्ह्यूफाइंडर लावायची, म्हणजे तोंड एकीकडे आणि लेन्स भलतीकडे. कुणाला कळायचंच नाही की आपला फोटो निघतोय. तिचे फोटो जरूर बघा, चौकटीत कायम दोन-तीन गोष्टी एकदम चालू असतात आणि मोकळी जागा भरपूर.

पेडणेकरीण

फोटो अप्रतिम आहेत तिचे, वाद नाही. पण ती युक्ती आज इथे कुणी करावी असं मला वाटत नाही. परक्या माणसाने लपून आपल्या पोरांचे फोटो काढले तर कुठल्या आईला चालेल? आमच्या किनाऱ्याच्या भागात हे रोज बघतो आम्ही. पाहुणे येतात, नळावर अंघोळ करणाऱ्या, चड्डीवर खेळणाऱ्या पोरांवर मोठ्या लेन्सा रोखतात, विचारत नाहीत, आणि मग ते फोटो कुठे जातात ते आपल्याला कधीच कळत नाही. गोव्याने २००३ सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, गोवा चिल्ड्रन्स ॲक्ट, त्यात फोटो डेव्हलप करणाऱ्यांवरसुद्धा जबाबदारी टाकलीय की मुलांची अश्लील छायाचित्रं आढळली तर पोलिसांना कळवायचं. उगाच नाही आला तो कायदा.

मूल बेसावध असावं हे ठीक, त्याचे आईवडील बेसावध नसावेत. मी आधी घरी विचारते, फोटो त्यांना देते, आणि नको म्हणाले तर समोरच पुसते. बाहेर कुठे टाकायचा असला तर शर्टावरचा शाळेचा बिल्ला क्रॉपमध्ये बाहेर घालवते आणि फोनमधलं लोकेशन बंद ठेवते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन निघून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच जातं, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं.

शुभा_म्हापसा

हे माहीत नव्हतं, आत्ताच घरच्या ग्रुपवर सांगितलं. चांगल्या प्रिंटसाठी म्हणून आम्ही सगळं डॉक्युमेंटच पाठवतो.

रायबंदरकर

पेडणेकरीण ताई, अगदी योग्य. सार्वजनिक उत्सवातही हेच धरून चालावं. माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव असतो, शेकडो कॅमेरे तिथे असतात, तिथे कुणाकुणाला विचारणार हे खरं. पण जवळून एखाद्या मुलाचाच घ्यायचा असेल तर नजरेने विचारता येतं, त्याचे बाबा किंवा काका शेजारीच चिखलात लोळत असतात.

तिथे क्रॉपचं गणितही बदलतं बरं का. सगळे नखशिखांत चिखलात, कपडे-बिपडे सगळं एका रंगाचं, पार्श्वभूमी पण चिखलच. उरतात फक्त डोळे आणि दात. तिथे मी स्वतः जवळचा क्रॉप करतो, कारण लांबून सगळा एकच गोळा दिसतो. म्हणजे शुभाताईंचं म्हणणं तिथे लागू.

शुभा_म्हापसा

चला, एक तरी मत मिळालं :)

मोगरा

प्रिंटवरून एक सांगते. फोनचा फोटो चाराला तीन या प्रमाणात असतो आणि सहा बाय चारचा कागद तिनाला दोन. दुकानात दिला की मशीन आपणच वरून-खालून मिळून नववा भाग कापतं. मागच्या नाताळात एका स्टुडिओत अशीच पोरांची डोकी कापून मिळाली मला, पन्नासेक प्रिंट वाया. आता मी स्वतः तिनाला दोन करून मगच देते, काय जाणार ते मीच ठरवते. इन्स्टासाठी उलटा त्रास, आडवा कॅमेऱ्याचा फोटो चाराला पाच उभा केला की जवळजवळ अर्धा जातो. चिरेबंदींचा फोटो तसा केला तर पोरगी राहील किंवा चेंडू राहील, दोन्ही नाही राहणार.

डिचोलीकर

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. माझा प्रस्ताव: डावी-उजवी कड अजिबात हात लावायचा नाही. डावीकडे लहानगं, उजवीकडे उगारलेला हात, दोघंही कडेलाच आहेत. खालून चाक जाईल एवढं आणि वरून ताडपत्री जाईल एवढं कापा. अंदाजे ६००० बाय २८०० उरेल. लांबट पट्टा होईल, वीस बाय सव्वानऊ इंच आरामात छापता येईल. मधली रिकामी माती तशीच राहू दे. चेंडूला जायला जागा लागते, ती रिकामी जागाच नेम दाखवते.

खाजन

ताडपत्री का घालवताय? लाल मातीवर निळी ताडपत्री म्हणजे आपला जुलै. ती गेली तर हा फोटो कुठलाही, कधीचाही.

सोपो

खाजनशी सहमत. पोरं मोठी झाल्यावर त्यांना ती ताडपत्रीच आधी आठवेल.

नदीकाठचा

क्रॉपविरोधी असूनही बोलतो, चाक काढाच. नजर सारखी त्या कोपऱ्यात जाईल, कारण अर्धं गोल दिसलं की डोळा उरलेलं अर्धं शोधतो. ताडपत्री मात्र अख्खी कड धरून सरळ आहे, ती वरून झाकण घातल्यासारखी बसते, त्रास देणार नाही.

चिरेबंदी

मंडळी, तुमचे सगळे क्रॉप करून टीव्हीवर लावले आणि पोरांनाच बोलावून दाखवले. भाऊपण होता. चेहऱ्याचा क्रॉप आला तेव्हा पुतणी लाजली आणि बाकीची पोरं हसली, विषय संपला. पूर्ण फोटो आला आणि जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. ठिकरी आधी लागली की चेंडू आधी लागला! चेंडूवाला म्हणतो बघ, अजून हातात आहे पण ती ठिकरी नीट बसलेलीच नाही, वाकडी आहे. पुतणी स्क्रीनजवळ जाऊन बोट ठेवून दाखवतेय की बसलीय. मागचा पळणारा म्हणतो मी तेव्हा आउट नव्हतो. लहानग्याचं काही म्हणणं नव्हतं, पण तो दर वेळी स्वतःला दाखवायचा. शेवटी भावानेच सांगितलं, हाच लाव.

तर चाकापुरतं खालून कापलं, ताडपत्री ठेवली. ६००० बाय ३५०० झाला, अठरा बाय साडेदहा इंचाचा प्रिंट टाकतोय, इंचाला ३३३ पडतात. रेडिमेड फ्रेम या मापाची मिळत नाही, गावातले सुतार करून देणार आहेत. व्हाइट बॅलन्स रायबंदरकरांनी सांगितल्याप्रमाणे उबदार केला, पोरीच्या गालावर खरा रंग आला. सगळ्यांचे मनापासून आभार.

पेडणेकरीण

चेंडूवाल्याच्या घरी पण एक प्रिंट द्या हो. आणि त्या लहानग्याच्या.

चिरेबंदी

दोघांच्याही टाकल्यात, आया आधीच विचारून गेल्या.

अबोली

धागा संपतोय तर एक विचारते, अष्टमीच्या दहीकाल्याला मुलाला घेऊन जाणार आहे, वरून पाणी मारतात, कॅमेऱ्याचं काय करू? मागे एकदा गाडीतून उतरल्याबरोबर काच धुरकटली होती आणि अर्धा कार्यक्रम तसाच गेला.

वाळपईचा_पाऊस

जाड प्लास्टिकची पिशवी घे, तळाला लेन्सएवढं भोक पाड, लेन्सच्या हूडवर रबरबँडने घट्ट बसव, मागून हात आत घालायला मोकळं ठेव. सुती फडकं खिशात. आणि धुरकटणं एसीमुळे होतं, काच थंड आणि बाहेरची हवा दमट. गाडीत एसी चालू असेल तर कॅमेरा बंद बॅगेत ठेव, उतरल्यावर अर्धा तास बॅग उघडू नकोस, आत हळूहळू गरम होऊ दे. काच पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. आणि मुलगा तीन वर्षांचा आहे तर हंडीखाली जाऊ नकोस, कडेला जिथे लहान पोरं साचलेल्या पाण्यात उड्या मारत असतात तिथे बस. १/१०००, आणि खाली वाकून.